डग्गा घुमतो, आवाज एका बाजूला सरकतो

प्रश्न : आमच्या 12 बाय 10 फुटांच्या खोलीत स्पीकर दोन कोपऱ्यांत ठेवले आहेत. तबल्याचा डग्गा फार घुमतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता उजवीकडे सरकतो. काय करावे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात, म्हणून स्पीकर आधी तेथून काढावेत. ते 10 फुटांच्या भिंतीकडे, मागे अडीच फूट आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडून ठेवले, तर त्यांच्यात साधारण सहा फुटांचे अंतर राहील. तेवढ्याच अंतरावर, समभुज त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला, आपली बैठक असावी. बैठक मागच्या भिंतीला टेकवू नये, कारण 12 फूट लांबीच्या खोलीत सुमारे 47 हर्ट्झचा स्वर भिंतीलगत सर्वाधिक घुमतो. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. बाजूची अंतरे टेपने मोजूनच सारखी करावीत. अंदाजावर मुळीच विसंबू नये.

त्यानंतर बैठकीवर बसून कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे आणि त्यात जेथे स्पीकर दिसेल तेथे जाड पडदा लावावा. फरशी उघडी असेल तर पुढ्यात सतरंजीपेक्षा जाड गालिचा बरा. एवढे करूनही आवाज उजवीकडेच राहिला, तर अॅम्प्लिफायरच्या मागील, स्पीकरकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करून पाहावी: आवाज डावीकडे गेला तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याआधीच्या यंत्रात आहे, न गेल्यास स्पीकरमध्ये किंवा खोलीत.