दोरीच्या कोड्यात अडकलेली नोकरी

प्रश्न : ताई, मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमध्ये लेखी परीक्षा पास झाले, पण मुलाखतीत कोडं घातलं : दोन दोऱ्या, प्रत्येक तासाभरात जळते, पण सगळीकडे सारख्या वेगाने नाही. त्यांवरून ४५ मिनिटं मोजा. मी गप्पच बसले आणि बाद झाले. माझं डोकं कमी पडतं का? कोड्यांची पुस्तकं पाठ करू का?

उत्तर : अगं, यावरून तुझं डोकं कळत नाही, ते कोडं तू आधी ऐकलं नव्हतंस, एवढंच कळतं. एक दोरी दोन्ही टोकांनी पेटवायची, दुसरी एकाच टोकाने. पहिली संपली की अर्धा तास झाला. लगेच दुसरीचं उरलेलं टोक पेटवलं की ती पंधरा मिनिटांत संपते. होस्टेलवर कुणी सांगितलं असतं तर तूही धडाधड सांगितलं असतंस. मी पुण्यात बरीच वर्षं भरतीचं काम केलं. पाठ उत्तर आत्ताच सुचत असल्यासारखं थांबत थांबत देणारी मुलं पाहिली, आणि त्यांच्यावर खूश होणारे पॅनेलवरचे साहेबही. मला ते कधीच पटलं नाही.

गटाराची झाकणं गोल का, असले प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींमुळे गाजले, पुढे गूगलनेही असलेच विचारले. २०१३ मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला स्पष्ट सांगितलं, की यात निव्वळ वेळ वाया जातो, उमेदवार पुढे कसं काम करेल याचा काहीच अंदाज येत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार आहोत असं वाटतं. आपल्याकडे अजून हे चालू आहे, याचा मला राग येतो.

मी उमेदवारांना चूक असलेल्या प्रोग्रॅमचा छापील कागद द्यायचे. एका मुलीला चूक सापडली नाही, पण ती पेन्सिलीने एकेका ओळीसमोर व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलत्या राशीची, त्या क्षणाची किंमत लिहीत गेली. तिला आम्ही घेतलं.

तरी कोडी विचारली जाणारच. नेहमीची दहा-बारा सोडवून बघ, पाठांतर नको. तो वेळ प्रोजेक्टला दे. आणि गप्प बसू नकोस. ‘एक दोरी दोन्हीकडून पेटवली तर?’ एवढं जरी मोठ्याने म्हणालीस, तरी समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं. चांगला माणूस असेल तर तो पुढचा धागा देतो. शेवटी ‘काही विचारायचंय का?’ म्हणाले, तर पहिल्या सहा महिन्यांत नेमकं कोणतं काम करावं लागेल, ते विचार.