मुंग्या कुंडीत कशासाठी आल्या?

प्रश्न: काकू, आमच्या गच्चीवर विटांचे दोन वाफे आहेत, आठ फूट लांब आणि दीड फूट उंच. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर पालापाचोळा आणि वर माती-शेणखत. शिवाय वीस-पंचवीस कुंड्या. मार्चपासून मुंग्यांनी नको केलंय. मिरचीवर काळ्या, जास्वंदीच्या शेंड्यांवर काळ्या, आणि वांग्याच्या वाफ्यात बारीक लाल, त्या कडकडून चावतात. हळद टाकली, दालचिनीची पूड टाकली. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात गमॅक्सिन टाक. पण तीन वर्षांचा मुलगा दिवसभर त्याच मातीत खेळतो. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि गमॅक्सिन अजिबात नको म्हणावं. त्यांच्या पिढीत ते घरोघरी असायचं, माझ्या माहेरीही कोठीच्या कोपऱ्यांत टाकायचे, त्यामुळे त्यांचं सुचवणं मला समजतं. पण ते म्हणजे बीएचसी नावाचं कीटकनाशक. त्यावर आपल्याकडे 1997 पासून बंदी आहे, आणि त्यातल्याच लिंडेनचा वापरही 2013 पासून बंद झालाय. आज त्या नावानं मागितलं की दुकानदार जी पुडी हातात ठेवतो, ती कशाची आहे हे पुष्कळदा तिच्यावर धड छापलेलंही नसतं. मूल ज्या मातीत हात घालतं आणि तोच हात तोंडात घालतं, तिथे ती नको.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण एकदा माझ्याकडूनच हे झालंय. काही वर्षांपूर्वी एका नर्सरीत मी कढीपत्त्याच्या कुंडीतल्या मुंग्यांची तक्रार केली. त्यांनी कागदाच्या पुडीत काळपट दाणे बांधून दिले, ‘चमचाभर टाका, काही राहणार नाही’ म्हणाले. खरंच काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कुंडीत आठ-दहा गांडुळं वर येऊन मरून पडली होती. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, ते फोरेट नावाचं जहाल कीटकनाशक होतं. 31 डिसेंबर 2020 पासून तेही देशात पूर्ण बंद झालंय. त्या झाडाचा कढीपत्ता मी पुन्हा कधीही फोडणीत घातला नाही. ती गांडुळं मला आजही आठवतात.

आता तुमच्या मुंग्यांकडे येऊ. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळी प्रकरणं आहेत. मिरची-जास्वंदीवरच्या काळ्या मुंग्या खायला आल्यात आणि वाफ्यातल्या लाल मुंग्या राहायला आल्यात. दोघींना एकच औषध लावलं, म्हणून हळद आणि दालचिनी फुकट गेली. वासामुळे त्यांची वाट दोन दिवस मोडते, मग त्या दुसरी वाट काढतात.

उन्हं उतरल्यावर मिरचीच्या शेंड्याचं पान उलटं करून बघा. मी पंचांग वाचायचं भिंग घेऊन बसते. पानाच्या शिरेला चिकटून हिरवट ठिपके दिसतील, तो मावा. मुंगी येते, त्याच्या पाठीवर दोन्ही मिशांनी हलकेच टकटक करते. क्षणभरात माव्याच्या मागच्या टोकाशी एक थेंब उभा राहतो, टाचणीच्या डोक्याहूनही लहान, काचेसारखा स्वच्छ. मुंगी तो पिते आणि पुढच्या माव्याकडे वळते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा दिवेलागणी होऊन अंधार पडला तरी मी तिथून उठले नव्हते. गाईची धार काढावी, तसंच आहे ते सगळं.

मावा झाडाचा रस पितो. त्यातली नको असलेली साखर तो बाहेर टाकतो, तोच पानांवरचा चिकटा. पुढे त्यावर काळी बुरशी चढते आणि पानं काजळी धरल्यासारखी होतात. मावा खायला ढालकिडे (लेडीबर्ड) आले, की मुंग्या त्यांना हुसकावून लावतात. जास्वंदीवरच्या कापसासारख्या पांढऱ्या पिठ्या ढेकणाचीही त्या अशीच राखण करतात. तुमच्या भागातल्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, पिठ्या ढेकूण आणि मुंग्या यांचं नातं तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण 2008 मध्ये आपल्या देशात सापडला आणि बघता बघता पुण्याकडच्या बागांपर्यंत आला. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या एका चिमुकल्या गांधीलमाशीनं तो आटोक्यात आणला. अशा मित्रकीटकांना आपल्या गच्चीवर काम करू द्यायचं, तर राखणदार मुंग्या आधी बाजूला करायला हव्यात.

म्हणून मिरचीवर सुरुवात पाण्यानं करा. सकाळी पान तळहातावर धरून खालून जोराचा फवारा मारा, लागोपाठ तीन दिवस. निम्म्याहून जास्त मावा एवढ्यानंच जातो. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता पातळ साबण घाला. फवारणी उन्हं कलल्यावरच करा, आधी दोन पानांवर करून बघा आणि पुढे आठवड्यानं पुन्हा एकदा करा. जास्वंदीचे फार भरलेले शेंडे मात्र सरळ कापून पिशवीत बांधून टाका. जीव तुटतो कळ्यांसकट कापताना, पण फूट चांगली येते.

मग मुंग्यांची वाट बंद करायची. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात जाळीचं कपाट होतं, दूधदुभत्याचं. त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. तीच युक्ती कुंडीला चालते. पसरट थाळीत वीट ठेवा, विटेवर कुंडी, थाळीत पाणी आणि पाण्यात साबणाचा एक थेंब. नुसत्या पाण्यावर धूळ साचली की मुंग्या तिच्यावरून चालत येतात, साबणामुळे ते जमत नाही. पाणी दर चार दिवसांनी ओतून टाकून नवं भरा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय व्हायची. आणि एक गोष्ट सगळेच विसरतात: झाडाचं एकही पान भिंतीला, ग्रिलला किंवा शेजारच्या झाडाला टेकता कामा नये. एका पानाचा पूल त्यांना पुरतो. मोठ्या जास्वंदीच्या खोडावर आधी कापडी चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलीन फासा. सालीवर थेट ग्रीस लावू नका, साल खराब होते.

आता वाफे. इथे दोष तळाच्या नारळाच्या शेंड्यांच्या थराचा आहे. उन्हाळ्यात विटा तापतात, माती आकसते, विटेच्या कडेनं फट पडते. तुम्ही पाणी घालता ते त्या फटीतून सरळ गच्चीवर निघून जातं आणि मधल्या शेंड्या कोरड्या ठणठणीत राहतात. कोरडं, पोकळ, सावलीतलं घर, मुंगीला आणखी काय हवं? खुरप्यानं वीतभर खाली उकरून बघा. माती मुठीत धरून तिचा लाडू वळत नसेल, तर तिथेच वस्ती आहे. तेव्हा दुपारी ऊन तापायच्या आत पाणी घाला, पण एकदम नाही. तीन वेळा, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं जाऊ देऊन, म्हणजे ते आत मुरतं. कडेच्या फटी ओल्या शेणखतानं दाबून बुजवा आणि वर पाचटाचं किंवा वाळक्या पानांचं आच्छादन घाला. असं आठवडाभर केलंत, की लाल मुंग्या आपणहून बिऱ्हाड हलवायला लागतील. पांढरी ‘अंडी’ तोंडात धरून चाललेली रांग दिसेल. ती खरं तर त्यांची पिल्लं आणि कोष असतात.

कुंडीत वारूळ असेल तर काम सोपं आहे. कुंडी टबात ठेवा आणि पाणी मातीच्या वर बोटभर येईपर्यंत भरा. मातीतून बुडबुडे येतील आणि पाठोपाठ मुंग्या. कुंडीत एक काठी तिरकी टेकवून तिचं दुसरं टोक बाहेर वेगळ्या बादलीवर ठेवा, त्या तीच वाट धरतात. अर्ध्या-पाऊण तासानं कुंडी काढून नीट निथळू द्या. हातमोजे घाला, लाल मुंग्यांचा डंख दोन दिवस आग मारतो. यानंतरही त्याच कुंडीत परत आल्या, तर झाड मातीसकट बाहेर काढून मुळं बघा. मुळांना पांढरं पीठ चिकटलेलं दिसलं, तर पिठ्या ढेकूण खालीही आहे. मग मुळं धुऊन नव्या मातीत लावण्याला पर्याय नाही.

इतकं करून भागलं नाही तरच आमिष. पाऊण कप, साधारण दीडशे मिली कोमट पाण्यात तीन चमचे साखर विरघळवा आणि तिच्यात दीड ग्रॅम बोरिक पावडर घाला, म्हणजे लहान चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. जास्त घालायचा मोह होतो, तो आवरा. कडक झालं की मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. आपल्याला ते तिनं पोटात घेऊन घरी न्यायला हवंय, कारण वारुळात त्या एकमेकींना तोंडानं भरवतात. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला कडेनं सुईनं भोकं पाडा, आत भिजवलेला कापूस ठेवा, झाकण घट्ट लावून चिकटपट्टीनं बंद करा आणि वाफ्याबाहेर, मुंग्यांच्या वाटेवर, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी विटेखाली दाबून ठेवा. मातीत बोरिक अजिबात पडू देऊ नका, बोरॉन थोडं जरी जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात. लाल मुंग्यांनी गोडाला तोंड लावलं नाही, तर तेवढीच पावडर शेंगदाण्याच्या तेलकट कुटात कालवून बघा. पहिले दोन दिवस डब्याशी झुंबड उडेल, तिला हात लावू नका. दोन-तीन आठवडे लागतात. आणि मावा धुऊन काढल्याशिवाय हा डबा ठेवू नका. झाडावर ताजा चिकटा मिळत असताना त्या तुमच्या साखरपाण्याकडे वळायच्या नाहीत.

एक विचारायचं राहिलं: वाफ्याला गुळाचं पाणी, न धुतलेला चहाचा चोथा किंवा शेंगदाण्याची पेंड घालता का? घालत असाल तर महिनाभर थांबवा. पेंड हवीच तर निंबोळीची घाला.

प्रश्न: कुंडीभोवती कोरडा रवा टाकला की तो खाऊन मुंग्या फुगून मरतात, हे खरं का? आणि चवळीच्या शेंगांवर मुंग्या आहेत, त्यांचं काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही. मोठ्या मुंगीला घन पदार्थ गिळताच येत नाही, ती फक्त पातळ तेवढं पिते. रवा ती पिल्लांसाठी घरी नेते, म्हणजे तुम्ही त्यांची बेगमी करून देताय. चवळीच्या फुलांच्या दांड्यावर मधाच्या बारीक ग्रंथी असतात, झाड स्वतःच मुंग्यांना तिथे बोलावतं. दोडक्याच्या कळ्यांवरही तसंच. आधी मावा नाही ना, तेवढं बघा. नसेल तर त्यांना राहू द्या, बारीकसारीक अळ्या त्या उचलून नेतात.

प्रश्न: माठ आणि राजगिऱ्याचं बी पेरलं की दुसऱ्या दिवशी मुंग्या घेऊन जातात. तीनदा पेरलं.
– एक वाचक, वसई

उत्तर: बी उघडं राहतंय. चाळलेल्या शेणखतात मिसळून पेरा, वर पाव इंच चाळलेलं खत पसरा, तळहातानं दाबा आणि झारीनं भिजवा. उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट ठेवा, पण रोज सकाळी उचलून बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे कोंब दिसले की लगेच काढा, नाहीतर रोपं लांबट होऊन आडवी पडतील. कुंडीबाहेर चुलीच्या राखेचं कडं घाला, ती ओली झाली की बदला.