आयर्लंडमध्ये मुलं आणि सासूबाईंना घेऊन तीन दिवस, गर्दीपासून लांब कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की जुलैत डब्लिनला बहिणीकडे येताय, बरोबर ७ आणि ११ वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत. हातात तीन दिवस आहेत आणि जो तो क्लिफ्स ऑफ मोहर या समुद्रकाठच्या प्रसिद्ध कड्यांचं नाव घेतोय. पण बसमधून उतरायचं, फोटो काढायचा आणि परत बसमध्ये चढायचं, हे तुम्हाला नकोय. खेड्यापाड्यातलं आयर्लंड बघायचंय. मग रॉसकॉमन काउंटीत या, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग.

मी नर्स आहे आणि गेली सात वर्षं याच काउंटीत, बॉयल नावाच्या छोट्या गावात राहते, त्यामुळे थोडी माया आहेच. तरीही विचार करूनच सांगतेय. या काउंटीला समुद्र नाही, नाव घ्यावं असा डोंगर नाही. म्हणून पर्यटकांच्या गाड्या इथून न थांबता पश्चिमेकडे निघून जातात. इथे आहेत तळी, गुरं, ओलं हिरवं गवत, पूर्वेच्या हद्दीवरून वाहणारी शॅनन नदी आणि मैलोन्‌मैल बॉग, म्हणजे ज्यातून जळणासाठी पीट कापून काढतात ती काळी पाणथळ जमीन. अख्ख्या काउंटीची वस्ती ७० हजारांच्या आसपास. १८४१ च्या जनगणनेत हीच वस्ती अडीच लाखांच्या वर होती. ती माणसं कुठे गेली, हे समजून घेतल्याशिवाय इथलं रिकामेपण कळत नाही. म्हणून सुरुवात स्ट्रोक्सटाउनपासून करा असं मी सांगेन.

स्ट्रोक्सटाउन पार्क ही पॅकनम-मेहन या जमीनदार घराण्याची हवेली. तिच्याच आवारात राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे, १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक सडून पडलेल्या मोठ्या दुष्काळाचं. १९७९ मध्ये गावातल्या एका गॅरेजवाल्या कंपनीने धंदा वाढवायला जागा हवी म्हणून ही मालमत्ता विकत घेतली आणि घरात जमीनदारीच्या कागदपत्रांचा ढीग सापडला. त्यात १८४६ साली क्लूनाही भागातल्या कुळांनी केलेला अर्ज होता. बटाटे सडलेत, घरात धान्य नाही, पोरांचं भुकेनं रडणं आता ऐकवत नाही, काम तरी द्या, अशा अर्थाचा. तो वाचून मालकांनी ठरवलं की हे कागद इथेच, लोकांसमोर राहिले पाहिजेत. १९९४ मध्ये संग्रहालय उघडलं आणि २०२२ मध्ये ते नव्याने मांडलं गेलं.

माझे सासरे बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातले. ७२ च्या दुष्काळात ते विशीत होते, खडी फोडायच्या कामावर होते. ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांना स्ट्रोक्सटाउनला न्यावं की नाही, असा मला प्रश्न पडला होता. शेवटी नेलं. एका ठिकाणी माहिती होती की १८४६-४७ मध्ये सरकारने उपाशी लोकांना रस्ते बांधायच्या आणि दगड फोडायच्या कामाला लावलं. त्याआधी अमेरिकेतून मका आणवला होता, जो इथल्या लोकांना शिजवताही येत नव्हता आणि पचतही नव्हता. मी मराठीत सांगत होते. सासरे म्हणाले, "म्हणजे आमची मिलोच की." आपल्याकडेही तेव्हा अमेरिकेतून लाल मिलो ज्वारी आली होती, कामावर सुकडी वाटत होते. नंतर ते बराच वेळ त्या अर्जापाशी उभे होते. तुमच्या सासूबाईंना ७२ आठवत असेल, तर हे दालन घाईने उरकू नका. मधे बसायला जागा आहे, त्यांना त्यांच्या गतीने बघू द्या.

आता मुलांसाठी. १८४७ मध्ये या जमीनदाराने आपल्या कुळांपैकी १,४९० जणांना कॅनडाला पाठवून दिलं, कारण त्यांना पोसण्यापेक्षा बोटीचं भाडं स्वस्त होतं. ती माणसं इथून डब्लिनपर्यंत चालत गेली, तिथून लिव्हरपूल आणि तिथून जहाजाने क्वेबेकला. वाटेत आणि पोचल्यावर तापाने कितीतरी मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जमीनदार डेनिस मेहनला घोडागाडीतून घरी येताना कुणीतरी गोळी घातली. त्या चालणाऱ्यांमध्ये डॅनियल टाय नावाचा १२ वर्षांचा मुलगा होता आणि त्याची ९ वर्षांची बहीण कॅथरिन. दोघंही जगली. क्वेबेकमधल्या एका फ्रेंच शेतकरी घराने त्यांना आपलंसं केलं. तुमच्या मुलांच्याच वयाची भावंडं ही. ते ज्या वाटेने गेले ती आज १६५ किलोमीटरची पदयात्रेची वाट आहे. ती इथून सुरू होते आणि तिच्यावर जागोजागी लहान मुलांचे काशाचे बूट बसवलेत. आमच्या मुलीने पहिल्या बुटात बोट घालून बघितलं होतं. अख्खी वाट अर्थातच चालायची नाही, पण सुरुवातीचा थोडा भाग मुलांना चालू द्या.

त्याच आवारातली हवेलीही बघा, फरक डोळ्यांनी दिसतो. स्वयंपाकघराच्या वर एक सज्जा आहे. दर सोमवारी बाईसाहेब त्या सज्जातून आठवड्याच्या जेवणाची यादी खाली टाकायच्या, म्हणजे स्वयंपाक्यांशी बोलायची वेळच यायला नको. मागे भिंतीआडची मोठी बाग आहे, तिथे मुलांना मोकळं सोडा. या जागेला अर्धा दिवस कमीच पडतो.

दुसरा दिवस निव्वळ मुलांचा ठेवा. बॉयलपासून तीन-चार किलोमीटरवर लॉख की वनउद्यान आहे. 'लॉख' म्हणजे तळं. हीदेखील एका जमीनदाराचीच जागा. १९५७ मध्ये हवेली जळाली आणि आता त्या जागी काँक्रीटचा निरीक्षण-मनोरा उभा आहे. नोकरमाणसं साहेबांच्या नजरेला पडू नयेत म्हणून जमिनीखालून खणलेले बोगदे मात्र शिल्लक आहेत. त्यातून चालत जाता येतं, मुलांना ते फार आवडतं. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा ३०० मीटर लांबीचा लाकडी पूल आहे, जमिनीपासून नऊ मीटर उंचीपर्यंत जातो. चढ अगदी सौम्य आहे, माझ्या सासूबाई काठी टेकत आरामात गेल्या. बोडा बोर्ग नावाचा खोल्याखोल्यांतल्या कोड्यांचा खेळ आहे, तीन ते पाच जणांचा गट लागतो. तुमच्या ११ वर्षांच्या मुलासाठी तो उत्तम, पण जुलैत शाळांना सुट्टी असते, आधी बुकिंग करा. सासूबाई तोवर तळ्याकाठी बसतील. समोर बेटावर एक किल्ला दिसतो. दुसऱ्या एका बेटावर ऊना बॉन आणि टोमास लाइदिर शेजारीशेजारी पुरलेत, असं लोक सांगतात. घरच्यांनी लग्न होऊ दिलं नाही, ती झुरून गेली, तो रोज रात्री पोहत तिच्या थडग्याशी जायचा आणि त्यातच गेला. दोन झाडं उगवून एकमेकांत गुंतली, असा शेवट आहे. आजी-नातवंडांना एकत्र सांगण्यासारखी गोष्ट आहे.

संध्याकाळी बॉयल गावात या. जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, दिवस संपतच नाही. बॉयलचा मठ बाराव्या शतकातला आहे, छप्पर गेलंय पण कमानी ताठ उभ्या आहेत. एका बाजूच्या कमानी गोल आणि दुसऱ्या बाजूच्या टोकदार आहेत, कारण बांधकाम इतकी वर्षं चाललं की मधेच शैली बदलली. मुलांना कारण आधी सांगू नका, फरक शोधायला लावा.

गावाच्या मधोमध किंग हाऊस आहे, १७३० च्या सुमाराची हवेली, पुढे कॉनॉट रेंजर्स या पलटणीची छावणी झाली. भारतीय माणसाने इथे जावंच, असं माझं मत आहे. आयर्लंड तेव्हा ब्रिटिशांच्याच ताब्यात होतं, म्हणून ही आयरिश पलटण ब्रिटिश सैन्यातर्फे हिंदुस्थानात होती. २८ जून १९२० ला जालंधरमध्ये या आयरिश शिपायांनी हुकूम पाळायला नकार दिला, कारण त्यांच्या गावाकडे ब्रिटिश सैन्य काय करतंय त्याच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. बंड सोलनपर्यंत पसरलं. जेम्स डेली या वीस-एकवीस वर्षांच्या शिपायाला २ नोव्हेंबर १९२० ला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. त्याचे अवशेष १९७० मध्ये मायदेशी आणले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका वयस्कर आयरिश बाईंनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं, आपल्या शाळेच्या इतिहासात हे एका ओळीत तरी असायला हवं होतं. शनिवारी तुम्ही इथे असाल तर याच आवारात सकाळी बाजार भरतो, ब्राउन ब्रेड आणि जॅम तिथूनच घ्या.

तिसऱ्या दिवशी अरिग्ना. लॉख ॲलनच्या वर, डोंगराच्या कुशीत ही कोळशाची खाण होती. १९९० मध्ये बंद झाली आणि २००३ पासून लोकांना दाखवायला उघडली. मी गेले तेव्हा माहिती देणारे काका स्वतः या खाणीत काम केलेले होते, म्हणून ते 'खाणकामगार असे करत' म्हणत नव्हते, 'आम्ही असे झोपायचो' म्हणत होते. कोळशाचा थर इथे इतका बारीक की उभं राहायला जागाच नाही. माणसं ओल्या दगडावर कुशीवर पडून दिवसभर कोळसा खणायची. काका ते करून दाखवत होते आणि आमची मुलगी, जी एरवी पाच मिनिटं एका जागी थांबत नाही, ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. फेरी साधारण पाऊण तासाची आहे. आत बारा महिने १० अंश तापमान असतं, तेव्हा जुलै असला तरी सगळ्यांना स्वेटर. पायाखाली ओल असते, सासूबाईंना चप्पल किंवा सँडल नको, बूट घाला. बंद जागेत जीव घाबरत असेल तर त्यांना वर कॅफेत बसवा, तळ्याचा देखावा तिथूनही सुंदर दिसतो.

परतताना टल्स्कला रॅथक्रोअनचं केंद्र आहे. कॉनॉटच्या, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम प्रांताच्या, राजांची ही प्राचीन राजधानी. आज बघायला गेलात तर गवताचा एक मोठा गोल उंचवटा, वर मेंढ्या चरतायत. आत केंद्रात आधी गेलात तरच त्या गवताला अर्थ येतो. राणी मेव्ह आणि तिचा नवरा रात्री पडल्या पडल्या संपत्ती मोजत होते, नवऱ्याकडे एक बैल जास्त निघाला, म्हणून तिने दुसऱ्या राज्यातला बैल पळवून आणायला सैन्य पाठवलं. आयर्लंडची सर्वात मोठी वीरगाथा इथून सुरू होते. आपल्या विराटपर्वातलं गोग्रहण मुलांना माहीत असेल तर ती लगेच रमतील. इथेच मांजरांची गुहा म्हणतात ती जागा आहे. साउन या सणाला, म्हणजे आजच्या हॅलोविनला, पलीकडच्या जगाचं दार याच गुहेतून उघडतं अशी समजूत आहे. गुहा एका शेतात आहे आणि वाटाड्याबरोबरच जायचं. तोंडाशी चिखलातून सरपटत उतरावं लागतं, म्हणून सासूबाईंनी आणि सात वर्षांच्याने केंद्रातच थांबावं. मोठ्याला न्या, जुने कपडे घालून.

वेळ उरला तर एल्फिनची गवती छपराची पवनचक्की वाटेवर आहे. आणि भाषेवर प्रेम असेल तर फ्रेंचपार्कजवळ डग्लस हाइड यांची कबर बघा. मरणाला टेकलेल्या आयरिश भाषेसाठी त्यांनी १८९३ मध्ये संस्था उभी केली आणि १९३८ मध्ये ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. काउंटीच्या दक्षिण भागात हॉडसन बेला पाण्यावर तरंगणारं खेळांचं उद्यानही आहे. मुलं मागे लागतील, पण तीन दिवसांत ते बसवू नका. आम्ही पहिल्या वर्षी पाहुण्यांना एका दिवसात पाच ठिकाणं दाखवली होती, शेवटी मुलं रडत होती आणि मोठ्यांना एकही नीट आठवत नव्हतं.

डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून स्लायगोची गाडी बॉयलला थांबते, अडीच तासांच्या आसपास लागतात. पण इथे आल्यावर गाडी हवीच, बस क्वचित आहेत. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. गावाकडचे रस्ते एका गाडीच्या रुंदीचे असतात, समोरून ट्रॅक्टर आला तर रुंद जागा बघून थांबायचं. समोरचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो नमस्कार असतो, तुम्हीही उचला. तुमच्या दोन्ही मुलांची उंची १५० सेंटीमीटरच्या आत असेल तर त्यांच्यासाठी वेगळी सीट कायद्याने लागते, भाड्याच्या गाडीबरोबर आधीच मागून ठेवा. राहायला बॉयल किंवा कॅरिक-ऑन-शॅननमध्ये स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. सासूबाई शाकाहारी असतील तर कॅफेत भाज्यांचं सूप मिळतं, पण ते चिकनच्या पाण्यात केलंय का हे विचारायलाच हवं. पाऊस येणार हे गृहीत धरा, छत्रीपेक्षा जॅकेट बरं, वारा छत्री टिकू देत नाही. तळ्याकाठी संध्याकाळी बारीक माशा चावतात, मुलांच्या पायांना मलम लावून निघा.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत आणि मोठ्याला बंद जागेची भीती वाटते का, तेवढं खाली लिहा. त्यावरून अरिग्ना आधी ठेवायचं की रॅथक्रोअन, ते सांगते.