‘ट्रू ग्रिट’ : जुना पाहिल्यावर नवा पाहावा का?

वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतले काउबॉय-धाटणीचे चित्रपट नुकतेच पाहू लागला असाल, तर २०१० चा ‘ट्रू ग्रिट’ निव्वळ नक्कल समजून टाळू नका. १९६९ च्या याच नावाच्या चित्रपटाने अभिनेते जॉन वेन यांना त्यांचे एकमेव ऑस्कर मिळवून दिले आणि तो मुख्यतः त्यांचाच चित्रपट आहे. नव्याचे दिग्दर्शक कोएन बंधू यांनी मात्र चार्ल्स पोर्टिस यांच्या मूळ कादंबरीकडे परत जाऊन, वडिलांच्या खुन्याचा माग काढणारी १४ वर्षांची मॅटी प्रौढपणी आठवते तशी कथा सांगितली आहे. व्यापाऱ्याशी ती घोड्यांवरून करते ती घासाघीस तर मी कितीदा पाहिली असेल! वेन यांची दातांत लगाम धरून केलेली दौड चुकवू नये, म्हणून आधी जुनाच पाहा. नव्याचा शेवट मात्र शांतपणे पाहा, कारण मॅटीने मोजलेली किंमत जुन्यात सौम्य केली आहे.