हात तुटल्यावर कुणी हसलं नाही, कारण रक्त कमी पडलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या कॉलेजच्या ग्रुपने दहा मिनिटांची रक्तबंबाळ विनोदी फिल्म केली, मे महिन्यात, गच्चीवर आणि एका रिकाम्या फ्लॅटमध्ये. हात तुटतो तिथे लोक हसायचे सोडून तोंड फिरवतात, आणि रक्त सरबतासारखं गुलाबी दिसतं. शिवाय, असल्या फिल्म लोकांना आवडतात तरी का?

आवडण्याचं आधी, कारण तुमची अडचण तिथेच आहे. भाजी चिरताना बोट कापलेलं पडद्यावर दिसलं की आपण 'स्स्स' करतो. ते दुखणं आपल्या बोटाला ठाऊक असतं. माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. मनगटातून वीस लिटर उडालं की ते मनगट राहत नाही, फुटलेला नळ होतो, आणि फुटलेल्या नळावर पंजा दाबून धरणारा माणूस बघून कुणालाही हसू येतं. मधलं माप सगळ्यात वाईट. अर्धा लिटर म्हणजे खरं वाटेल इतकं थोडं आणि मळमळेल इतकं जास्त. तुम्ही वापरलंय नेमकं अर्धा लिटर.

दुसरी गोष्ट कळवळ्याची. हात तुटलेला मुलगा तुमच्या फिल्ममध्ये जीव तोडून ओरडतो. त्याने उत्तम काम केलंय, म्हणूनच कुणी हसत नाही. त्याला चिडू द्या. 'अबे, नवा शर्ट होता ना!' एवढं पुरे. 'ईव्हिल डेड २'मध्ये (१९८७) नायक स्वतःचा झपाटलेला हात करवतीने कापतो, बादलीखाली कोंडतो आणि वर वजन म्हणून पुस्तकं ठेवतो. सगळ्यात वरचं पुस्तक हेमिंग्वेचं 'अ फेअरवेल टू आर्म्स' ('आर्म्स' म्हणजे शस्त्रं, आणि हातही). त्या क्षणी त्याच्या वेदनेची चौकशी कोण करतो? 'ब्रेनडेड'मध्ये (१९९२) पीटर जॅक्सनचा नायक गवत कापायचं यंत्र छातीशी धरून झोंबींच्या गर्दीत शिरतो. चेहरा मात्र उरलेलं घरकाम उरकणाऱ्याचा. खरं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडग्यांच्या अवाढव्य पुतळ्यांची मिरवणूक बघत वाढलेल्या गावाला हे वेगळं शिकवायला नको. भीतीचं सोंग अवाढव्य केलं की त्याची टिंगल करता येते.

आता रक्त. गुलाबी दिसतं कारण तुम्ही पाण्यात नुसता रंग घातलाय. तो पारदर्शक असतो. पांढऱ्या शर्टावर पातळ थर बसला की खालचा पांढरा वर दिसतो. त्यातही 'रास्पबेरी रेड' मुळातच गुलाबीकडे झुकतो, 'टोमॅटो रेड' घ्या. गढूळपणासाठी कोको पावडर हवी. रंग कसा, तर सावजी रश्श्यावरच्या तर्रीपेक्षा एक छटा काळा.

तोंडात घ्यायचं रक्त वेगळं करा: लिक्विड ग्लुकोज ५०० ग्रॅम (केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं), कोमट पाणी १५० मिली, चाळलेली कोको १ चमचा, खायचा लाल रंग, निळ्याचा एकच थेंब. साखरेचा पाक नको, त्याचे खडे होतात.

उडवायच्या रक्ताला ग्लुकोज परवडत नाही आणि ते नळीतून पळतही नाही. त्यासाठी १० लिटर पाणी, ३०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १०० ग्रॅम कोको, लाल रंगाची पावडर २० ग्रॅमपासून सुरू करून डोळ्याने वाढवायची. कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओतून पांढुरकेपणा जाईपर्यंत ढवळा. गार झालं की पंच्यातून गाळा. हे गाळणं टाळलं तर पहिल्याच टेकला गुठळी नळीत बसते. शेवटी भांड्याच्या साबणाचा चमचाभर द्रव घाला, नाहीतर पॉलिएस्टरवर रक्ताचे मणी होऊन घरंगळतात. साबणाचं हे रक्त तोंडाजवळ, डोळ्यांजवळ नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात ते संध्याकाळपर्यंत आंबतं. सकाळी करा, त्याच दिवशी संपवा.

चाचणी बनियनच्या तुकड्यावर घ्या. एक चमचा टाका, दहा मिनिटं थांबा, शूटिंगच्याच दिव्याखाली शूटिंगच्याच कॅमेऱ्याने बघा. डागाभोवती गुलाबी कडा पसरली असेल तर पाणी जास्त झालंय.

उडवायला कूलरचा पंप वापरायचा विचार दिसतोय. नका. घट्ट द्रव तो वर चढवत नाही, आणि ओल्या फरशीवर २३० व्होल्टची वायर हा विनोद नाही. बागेचा पाच लिटरचा हाताने हवा भरायचा फवारा घ्या, तोही नवा कोरा. शेतावरचा फवारणीचा पंप कितीही धुतला तरी औषध आत राहतं. पुढची तोटी काढून ८ मिमीची पारदर्शक नळी बसवा, ती कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूने शर्टाच्या आतून मनगटापर्यंत न्या आणि मायक्रोपोरने (दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी) चिकटवा. कोपराशी चिकटवू नका. हात वाकला की नळी तिथेच मुडपते आणि रक्त काखेतून येतं.

खटका दाबणाऱ्याला संवाद पाठ हवेत, कारण खरा नट तोच. हात तुटतो. एक सेकंद काहीच नाही. मग दोन थेंब. मुलगा तुटलेल्या टोकाकडे बघतो, तेव्हा भसाभस. तो दुसऱ्या हाताने दाबतो, थांबतं. तो सुटकेचा श्वास सोडतो, पुन्हा भसाभस, या वेळी समोरच्याच्या तोंडावर. हे सगळं एकाच लांबच्या शॉटमध्ये. तुम्ही जखमेचे चार क्लोज-अप जोडलेत. क्लोज-अपमध्ये मांस दिसतं, लांबून गोंधळ दिसतो.

आवाजासाठी मुळा ओल्या टॉवेलात गुंडाळून मोडा, आणि टरबुजाच्या गरात मूठ फिरवा. मोबाइल एक वीत लांब धरला तरी काम होतं.

एकसारखे तीन शर्ट ठेवा आणि कोरडे प्रसंग सगळे आधी संपवा. कातडीवर आधी खोबरेल चोळलं तर रंग लवकर निघतो. फ्लॅटच्या डिस्टेंपरला मात्र काहीच वाचवत नाही, म्हणून भिंतीला छतापर्यंत प्लॅस्टिक. गच्चीवर सुरू करण्याआधी बादलीभर साधं पाणी ओतून ते कुठल्या पाइपातून कुणाच्या अंगणात पडतं ते बघा, आणि त्या घरी आदल्या दिवशीच सांगून या.