अडॅप्टर कुठला घेऊ आणि विषय कुठला?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घरातला जुना डेस्कटॉप तू टीव्हीला जोडलास, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवलीस, आणि आता तो दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधले सिनेमे वायफायवरून ओढून दाखवतो. लहान फाइल्स नीट चालतात, मोठ्या दर दोन मिनिटांनी अडकतात. म्हणून कुठला वायरलेस अडॅप्टर (कॉम्प्युटरला वायफायशी जोडणारं उपकरण) घेऊ, हा तुझा प्रश्न. शेवटी अगदी जाता जाता तू आणखी एक विचारलं आहेस: 'यात मला वेळेचं भान राहत नाही, पण आई म्हणते याला करिअर म्हणत नाहीत. पदवीला कॉम्प्युटर घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स?'

आधी अडॅप्टर. खरेदीपूर्वी तुला नेमका किती वेग लागतो ते काढ. डीव्हीडीचा व्हिडिओ सेकंदाला जास्तीत जास्त 10 मेगाबिटच्या आसपास जातो. ब्लू-रेचा 40 पर्यंत, आणि 4के ब्लू-रेची फाइल मूळ दर्जात ठेवली असेल तर काही प्रसंगांत 100 च्याही वर. लहान फाइल्स का चालतात आणि मोठ्या का रखडतात, हे इथेच दिसतं. मोठी फाइलही सतत अडत नाही. धूर, पाऊस, गर्दी असं दृश्य आलं की आकडा उसळतो आणि तेवढ्यापुरता पुरवठा तोकडा पडतो.

आता अडॅप्टरच्या खोक्यावरचा आकडा. '1200' लिहिलेलं असतं ते 300 आणि 867 यांची बेरीज करून, गोल केलेलं. 300 हा 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावरचा वेग (सेकंदाला मेगाबिटमध्ये), 867 हा 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा. असा अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज तुझ्या काही कामाची नाही. आणि 867 हाही फक्त रेडिओचा जोडणी-वेग. प्रत्यक्षात फाइल हलते ती साधारण त्याच्या निम्म्याने, भिंती मध्ये आल्या की त्याहून कमी.

तुझ्या मांडणीतली खरी अडचण मात्र मला वेगळीच वाटते. सिनेमे ठेवलेला कॉम्प्युटरही वायफायवर आहे, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते: एकदा राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो, म्हणून हाती येणारा वेग तिथेच अर्धा होतो. तो कॉम्प्युटर केबलने राउटरला जोड. कदाचित अडॅप्टर घ्यावाच लागणार नाही.

केबल लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोज. दोन्ही यंत्रांवर आयपर्फ3 (दोन यंत्रांमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) टाक, पाच मिनिटं चालव, आणि सरासरीकडे न पाहता सेकंदासेकंदाचे आकडे पाहा. सरासरी 90 असली आणि मध्ये चार सेकंद 8 आले, तर सिनेमा त्या चार सेकंदांत अडकतो. सोबत सिग्नलची नोंद ठेव. तो डीबीएम या मापात असतो, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे 67 डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर व्हिडिओसाठी तो पुरेसा धरतात.

एवढं करूनही अडॅप्टर लागलाच तर 5 गिगाहर्ट्झचा, दोन अँटेनांचा घे. वायफाय 6 या पिढीचा अडॅप्टर राउटरही त्याच पिढीचा असेल तरच. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसची (मदरबोर्डवर कार्ड बसवण्याची) जागा रिकामी असेल तर आतलं कार्ड चांगलं, फक्त त्याच्या अँटेना पत्र्याच्या कॅबिनेटमागे दबू देऊ नकोस. लिनक्ससाठी ब्रँडपेक्षा आतली चिप महत्त्वाची. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळ्या चिप निघतात, म्हणून आवृत्तीचा क्रमांकही तपास. ज्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे ती निवड. उदाहरणार्थ मीडियाटेक एमटी7612यू, जिचा ड्रायव्हर कर्नलच्या 4.19 या आवृत्तीपासून त्यात आहे. ड्रायव्हर बाहेरून आणून बसवलास, तर कर्नल अपडेट झाल्यावर एखाद्या संध्याकाळी वायफाय गायब असेल.

यूएसबीबद्दल एक गोष्ट मी ठेच खाऊन शिकले. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी नेटवर्कच्या कामात होते. एका ठिकाणी 2.4 गिगाहर्ट्झवरचं वायफाय सारखं तुटायचं. मी अडॅप्टर दोनदा बदलला, राउटर बदलला. कारण निघालं शेजारच्या पोर्टमधली यूएसबी 3 ची हार्ड डिस्क. यूएसबी 3 च्या जोडणीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. छोट्या एक्स्टेंशन केबलने अडॅप्टर दूर सरकवला आणि तक्रार मिटली. आधी मोजलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

आता तुझा दुसरा प्रश्न. पत्रासोबत तू एक तक्ता जोडला आहेस: खोलीच्या पाच कोपऱ्यांत, दार उघडं असताना आणि बंद असताना सिग्नल किती. हे तुला कोणीच सांगितलेलं नव्हतं. वायरलेसच्या धंद्यात याला साइट सर्व्हे म्हणतात. दवाखान्यात, गोदामात, स्टेडियममध्ये वायफाय बसवण्यापूर्वी माणसं हेच करतात आणि त्याचाच पगार घेतात.

तुझं कुतूहल ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअरपेक्षा लहरींपाशी जास्त रेंगाळतं, असं मला त्या तक्त्यावरून वाटतं. म्हणून माझं मत इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार या बाजूचं. प्रोग्रॅमिंग, लिनक्स, नेटवर्कचे प्रोटोकॉल तू घरी बसून शिकतोच आहेस, पुढेही शिकशील. पण विद्युतचुंबकत्व, सिग्नल प्रोसेसिंग, संभाव्यता हे शिक्षक आणि प्रयोगशाळा यांच्याशिवाय एकट्याने पेलणं फार अवघड जातं. पदवीची वर्षं त्यासाठी खर्च कर आणि ऐच्छिक विषयांत कॉम्प्युटर नेटवर्क व ऑपरेटिंग सिस्टिम घे. सीसीएनएसारखी (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) प्रमाणपत्रं घाईने घेऊ नकोस. ते तीन वर्षांनी संपतं, तेव्हा पदवीच्या शेवटाला घेतलंस तर नोकरीच्या वेळी उपयोगी पडेल. पुढे वायरलेसमध्येच राहायचं ठरलं तर सीडब्ल्यूएनए हे वायरलेसचं प्रमाणपत्र बघ.

एक अट आहे. गणिताबद्दल तू पत्रात एक शब्दही लिहिलेला नाहीस. ते जड जात असेल तर मला स्पष्ट कळव, कारण मग माझा सल्ला बदलेल.

आईंना तो तक्ता दाखव आणि त्यांना शेजारी बसवून एकदा आयपर्फ3 चालवून दाखव. त्यांची काळजी रास्त आहे. तू तासन् तास सिनेमे बघतोस असंच त्यांना दिसत असणार.

केबल लावण्याआधीचे आणि नंतरचे आकडे पाठव. अडॅप्टर तोवर घेऊ नकोस.

तुझी,
मार्गदर्शक ताई