मिथक, मिथ्या आणि बाध

प्रश्न असा: पौराणिक कादंबऱ्यांवरच्या लेखांत 'कर्णाचं मिथक' असं म्हणतात, विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर लिहिणारे 'वैज्ञानिक पद्धतीविषयीची मिथकं' मोडून काढतात. अर्थ एकच की दोन?

दोन, आणि दुसरा टाकून द्यावा. 'मधुमेहाविषयीची पाच मिथकं' असले मथळे वाचून वीट आला आहे. 'गैरसमज' ठेवून वाक्य नीट चालत असेल तर तिथे 'गैरसमज'च लिहा. कर्ण हा कुणाचा गैरसमज नव्हे.

हा घोळ 'मिथक' 'मिथ्या'पासून आला असं मानल्यामुळे झाला. तो तसा आलेला नाही. ग्रीक 'मुथोस' म्हणजे बोल, कथन; त्यावरून इंग्रजी 'मिथ', आणि त्याला 'क' जोडून हिंदीत 'मिथक'. श्रेय सहसा हजारीप्रसाद द्विवेदींना देतात. 'मिथ्या'ला 'क' लागला असता तर 'य' नाहीसा व्हायला काही कारण नव्हतं. संस्कृत जाणणारेही ही व्युत्पत्ती बेधडक देतात, आणि 'मिथ्यकथा' लिहिणारे समीक्षक तर तीच चूक शब्दात कायमची कोरून ठेवतात.

खरी गंमत 'मिथ्या'त आहे. धातू 'मिथ्': जोडीने येणं, एकमेकांना भिडणं, आलटून पालटून होणं. त्यातूनच मिथः (परस्पर), मिथुन, मैथुन. वैदिक रूप 'मिथुया', अर्थ उलटसुलट, विपरीत. म्हणजे राशीतलं मिथुन आणि वेदान्तातलं मिथ्या सख्खी भावंडं! इंग्रजी 'मिस्टेक'मधला 'मिस'सुद्धा भाषाशास्त्रज्ञ याच कुळात बसवतात. अद्वैतातही मिथ्या म्हणजे निव्वळ खोटं नव्हे. सशाचं शिंग असत्, ते कधी दिसतच नाही. शिंपल्यावर भासणारी चांदी मिथ्या, कारण ती दिसते आणि पुढच्या ज्ञानाने तिचा बाध होतो, म्हणजे ती रद्द ठरते.

हा 'बाध' विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात यायलाच हवा. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने 1934 मध्ये मांडलेल्या 'फॉल्सिफायेबिलिटी'ला, म्हणजे सिद्धांत निरीक्षणाने खोटा ठरू शकण्याच्या गुणाला, मराठीत 'असत्यीकरणक्षमता' असलं काहीतरी लिहितात. ते अवजड आहेच, शिवाय त्यातून सिद्धांत आधीपासून खोटा असल्याचा वास येतो. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, नेमका शब्द तयार आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात 'बाधित' हेत्वाभासाचं (दिसायला हेतू, पण सदोष) उदाहरण आहे: अग्नी उष्ण नाही, कारण तो द्रव्य आहे. हात लावला की स्पर्शानेच दावा पडतो. दुसऱ्या प्रमाणाने (ज्ञानाच्या साधनाने) साध्याचा, म्हणजे जे सिद्ध करायचं त्याचा, अभाव निश्चित होणं, हाच बाध.

आता 29 मे 1919 चं खग्रास सूर्यग्रहण घ्या. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश आइन्स्टाइनच्या गणिताने 1.75 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) वाकायला हवा होता, न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा. प्रिन्सिपे बेट आणि ब्राझीलमधलं सोब्राल इथल्या निरीक्षणांत निम्माच आकडा ठामपणे आला असता, तर सामान्य सापेक्षता बाधित झाली असती. तसं झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि पॉपरला मोल होतं ते याच शक्यतेचं.

'फॉल्सिफायेबल'साठी विशेषण मात्र 'बाध्य' नको. हिंदीतल्या 'बाध्य करना'मुळे ते 'भाग पाडलेला' असं ऐकू येतं. 'बाधनीय' घ्या. 'मूळ हक्कास बाध न येता' हे आपले दस्तऐवज अजूनही लिहितात, तेव्हा शब्द परका वाटायचं कारण नाही.